हरणांमधील सीडब्ल्यूडीची देखरेख : या चुका टाळा

मुंबईत वन्यप्राण्यांचे शवविच्छेदन शिकवताना दरवर्षी त्याच चुका माझ्यासमोर येतात आणि त्यांतील बहुतेक घाईतून झालेल्या असतात. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजेच सीडब्ल्यूडी, हा हरणांच्या मेंदूचा प्रायॉनजन्य, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, आणि हमखास प्राणघातक रोग आहे. 1967 साली अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये म्यूल डिअर जातीच्या बंदिस्त हरणांमध्ये तो प्रथम लक्षात आला आणि 1981 साली रानातल्या एल्क जातीच्या मोठ्या हरणांत आढळला. कॅनडातून नेलेल्या एल्कबरोबर तो दक्षिण कोरियात पोहोचला, तर 2016 साली नॉर्वेमध्ये, जीपीएस पट्टे बसवण्याचे काम चालू असताना, एका रेनडिअर मादीत सापडला. भारतात त्याची नोंद नाही. मात्र ‘नोंद नाही’ या दोन शब्दांना वजन येण्यासाठी योग्य जनावराचा योग्य तुकडा तपासलेला असावा लागतो, आणि आपले घोडे नेमके तिथेच अडते.

सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे लक्षणे पाहून रोगाचे नाव जाहीर करणे. काही वर्षांपूर्वी मुंबईजवळच्या एका बंदिस्त आवारात बरगड्या दिसू लागलेले, मान खाली टाकून लाळ गाळत उभे असलेले चितळ कोणीतरी मोबाइलवर टिपले आणि ‘झोंबी हरीण’ अशा मथळ्याने ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत सर्वत्र फिरली. दुसऱ्या दिवशी ते मेले. आम्ही त्याचे कोटीपोट (जठराचा मोठा पहिला कप्पा) उघडले तेव्हा आत प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्याचा दोरा आणि नारळाची शेंडी यांचा पिळून घट्ट झालेला, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा गोळा निघाला. जनावर उपासमारीने गेले होते. मला त्याहून अधिक अस्वस्थ केले ते एका उत्साही स्वयंसेवकाने. आदल्या दिवशी ‘घशात काही अडकले आहे का’ हे पाहण्यासाठी त्याने हातमोजे न घालता त्या चितळाच्या तोंडात हात घातला होता. आपल्या भागात लाळ गळणारे, तोल जाणारे, माणसाला न बिचकणारे हरीण दिसले, की पहिली शंका रेबीजचीच घेतली पाहिजे. मेंदूचा अहवाल येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून त्या मुलाची लस त्याच दिवशी सुरू केली. पुढे अहवाल निर्दोष आला. त्यानंतर माझ्या वर्गात मी रोगांची यादी याच क्रमाने लिहून घेतो : रेबीज, विषबाधा, पोटातील प्लास्टिक, जुनी जखम, जंत आणि सर्वांत शेवटी सीडब्ल्यूडी. शिवाय या रोगाची लक्षणे दिसण्यास संसर्गानंतर साधारण दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो, त्यामुळे चार महिन्यांचे पाडस लटपटत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

दुसरी चूक चुकीचा तुकडा पाठवण्याची, आणि ती शिकलेली माणसे करतात. एकदा माझ्याकडे ‘मेंदू, चितळ, नर’ अशी सुवाच्य चिठ्ठी लावलेली बाटली आली. आत मोठ्या मेंदूचे सुंदर, एकसारखे कापलेले तुकडे होते, परंतु मेंदूचा देठ नव्हता, कारण तो डोक्यातच राहिला होता आणि डोके जाळून टाकले होते. ‘नमुना अयोग्य’ असा शेरा मी लिहिला, आणि वर्षअखेरीच्या तक्त्यात तेच जनावर ‘निगेटिव्ह’ म्हणून मोजलेले मी स्वतः पाहिले. हे मला आजही सहन होत नाही.

तपासायचा भाग म्हणजे ओबेक्स. मेंदूचा देठ पाठीच्या कण्याकडे निमुळता होत जातो तिथे वरच्या अंगाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसते, तेच हे ठिकाण. कवटी फोडण्याची गरज नसते. डोके मानेच्या पहिल्या मणक्यापासून सोडवावे, कवटीच्या मागच्या भोकातून आत जावे, नसा कडेने सोडवाव्यात आणि देठ अखंड ओढून घ्यावा. या कामासाठी मी फालुद्याचा लांब दांड्याचा स्टीलचा चमचा कडा घासून धारदार करून घेतला आहे आणि तो दुसऱ्या कशालाही वापरत नाही. ओबेक्स फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा, आणि त्याला लागून असलेला देठ व लहान मेंदू यांचे ताजे तुकडे रेबीजच्या तपासणीसाठी बर्फावर ठेवावेत. सोबत घशामागील दोन्ही लसिका ग्रंथी घ्याव्यात, कारण म्यूल डिअर आणि व्हाइट-टेल्ड डिअरमध्ये प्रायॉन मेंदूच्या आधी तिथे दिसतो, तर काही एल्कमध्ये तो केवळ मेंदूतच सापडतो. मुंबईच्या मे महिन्यात मेंदू काही तासांत पातळ होतो, परंतु ग्रंथी बऱ्याचदा कामाची राहते. ‘सर, नुसती ग्रंथी चालेल का’ असे विचारणाऱ्याला मी दोन्ही आणायला सांगतो. हे काम वीस मिनिटांचे आहे आणि ते पाच मिनिटांत उरकण्याची युक्ती मला शिकवायची नाही.

रक्त पाठवून प्रतिपिंडे तपासण्याची मागणी करू नये. प्रायॉन म्हणजे शरीरातलेच, घडी बिघडलेले प्रथिन, त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत.

मराठीत आपण काळविटालाही हरीण म्हणतो आणि चितळालाही, त्यामुळे तक्ते बिघडतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय यांची शिंगे कायमची असतात आणि ती गाई-बकऱ्यांच्या कुळातली आहेत. सीडब्ल्यूडी ज्या कुळात आढळतो, त्यातील आपल्याकडची जनावरे म्हणजे चितळ, सांबर आणि भेकर, ज्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. पिसोरी या दोन्ही कुळांत बसत नाही. वहीत ‘हरीण’ असे लिहिलेले मी परत पाठवतो.

फॉर्मॅलिनने किंवा उकळण्याने प्रायॉन निष्क्रिय होत नाही. स्टीलची अवजारे मांसाचा कणही न ठेवता घासून, 40 टक्के घरगुती ब्लीच मिसळलेल्या पाण्यात किमान 5 मिनिटे बुडवावीत. संशयित शव पुरू नये, कारण प्रायॉन मातीला, विशेषतः चिकणमातीला, धरून वर्षानुवर्षे टिकतो.

शेवटची चूक आकड्यांची. दहा जनावरे तपासून ‘आमच्या जंगलात रोग नाही’ असे कोणी म्हणू नये. मोठ्या कळपात 1 टक्का जनावरे बाधित असतील, तर 95 टक्के खात्रीने किमान एक सापडण्यासाठी सुमारे 300 योग्य नमुने लागतात. अमेरिकेत शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांच्या डोक्यांतून हे नमुने मिळतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणूनच घोडबंदर रस्त्यावर वाहनाखाली आलेले किंवा कुत्र्यांनी मारलेले प्रत्येक चितळ, वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसांसमोर, नीट तपासले गेले पाहिजे. माझ्या वहीत तीन रकाने आहेत : योग्य नमुना आला, अयोग्य आला, शव सापडले पण नमुना घेतलाच नाही. तीनशेची मोजणी मी फक्त पहिल्या रकान्यातून करतो.