घेर मोजताना टेप कुठं धरायचा

आमचं गाव कराड तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. इथं मी १२ वर्षं आशा म्हणून काम करते. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुण देऊन मोजायचा सरकारी तक्ता, भरायचा असतो. त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहे. नव्या आशाताई तो घाईत अंदाजानं भरतात, नाहीतर पँटचा नंबर विचारून लिहितात. तसं करू नका.

आमच्या गल्लीतले एक तात्या. हातपाय काटकुळे, वजन ६२ किलो. "माझी पँट २० वर्षं ३२ चीच हाय," म्हणायचे. ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर. पण पोट वाढेल तसा पट्टा पोटाखाली उतरत गेला होता. जागेवर टेप लावला तर ९७ भरले.

आता जागा. माणसाला सरळ उभं करा. कुशीला शेवटची बरगडी बोटानं चाचपा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या मधोमध पेनानं खूण करा. टेप त्या खुणेवरून सगळीकडं सारख्या उंचीनं फिरवा, आवळू नका. "श्वास सोडा" म्हणा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढून धरलं असेल तर दोन गोष्टी बोला, पुन्हा मोजा.

बायकांचं मोजताना निऱ्या, गाठ, परकराची नाडी सगळं मध्ये येतं. आतल्या खोलीत न्या, दार लोटा, नाडी सैल करायला सांगा. सासूबाईंना बाहेर बसवा. लाज वाटणारच, म्हणून टेप तिच्याच हातात देऊन फक्त जागा दाखवली तरी चालतं.

बाईचा घेर ८० च्या वर, पुरुषाचा ९० च्या वर गेला की सावध व्हा. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात तो एकच आजार नव्हे, पाच गोष्टींची टोळी आहे: वाढलेला घेर, १३०/८५ किंवा जास्त बीपी, उपाशीपोटी १०० किंवा जास्त साखर, रक्तात १५० किंवा जास्त ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी (पुरुषात ४० च्या खाली, बाईत ५० च्या). पाचातल्या तीन भरल्या की सिंड्रोम. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस येतच नाही. बीपी, साखर उपकेंद्रावर सीएचओ (तिथले आरोग्य अधिकारी) बघतात. शेवटच्या दोन्हींसाठी शिरेतून रक्त काढून लॅबला पाठवावं लागतं.

"आम्ही रानात राबणारी माणसं, आम्हाला कसली शुगर?" हे रोज ऐकते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या देशभरच्या पाहणीत १ लाख १३ हजार लोक होते, त्यातले ७९ हजारांवर खेड्यांतले. मधुमेह शहरात जास्त निघाला खरा, पण त्याच्या आधीची पायरी खेड्यात आणि शहरात जवळपास सारखीच, १५ टक्क्यांच्या आसपास. राबणंही पहिल्यासारखं कुठं राहिलंय? नांगरट ट्रॅक्टरनं, बांधापर्यंत मोटारसायकल. भाकरीच्या जागी रेशनचा तांदूळ, दिवसाला पाच कप गोड चहा आणि त्यासोबत खारी.

काटकुळा माणूस सुटला असंही समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं वजनानं हलकी, पण अंगावरची चरबी मात्र टिकून. म्हणून काटा कमी दाखवत असला तरी टेप लावायचाच.

तंबाखूचा प्रश्न बायकांना नीट विचारा. "तंबाखू खाता का?" म्हटलं की काकी ठामपणे "नाही बाई" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नाहीच. "मिश्री दिवसातनं कितीदा लावता?" असं विचारा, की लगेच "तीनदा" येतं. रकान्यात "रोज" लिहा, दोन गुण द्या. फॉर्ममधल्या सगळ्या गुणांची बेरीज चारच्या वर गेली की त्याच आठवड्यात उपकेंद्रावर न्या.

उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही, हे आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगा. तात्या पहिल्यांदा चहा पिऊनच आले होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागलं. तेव्हा साखर ११८ निघाली आणि बीपी १४२/९०.