टॅनरचा छापा गावच्या अभ्यासिकेत: फाइलपासून भिंतीपर्यंत

कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं छापून घेताना पहिली चूक दुकानातच होते. लग्नाचे अल्बम करून करून ऑपरेटरचा हात, फाइल उघडल्याबरोबर, चेहरा उजळवण्याकडेच जातो. नवरी गोरी करायची सवय इथे घात करते. अमेरिकन चित्रकार हेन्री ओसावा टॅनरच्या ‘द बँजो लेसन’ (१८९३) या चित्रात म्हातारा आपल्या मांडीशी उभ्या असलेल्या पोराला बँजो शिकवतो आहे. खोली अंधारी आहे, चेहरे काळे आहेत, आणि त्या काळ्यातच सगळं चित्र आहे. ते उजळलं की भिंतीवर टॅनर राहत नाही, कॅलेंडर राहतं. म्हणून फाइल देतानाच लेखी सांगा: ऑटो करेक्शन नको, स्किन स्मूथ नको, ब्राइटनेसला हात लावायचा नाही.

गावची अभ्यासिका, विहाराचा हॉल किंवा शाळेचं वाचनालय धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. एका चांगल्या छाप्यावर खर्च करा, दहा फ्लेक्सवर नको. फ्लेक्सची शाई आणि कापड निवडणुकीपुरतं असतं.

कोणतं चित्र छापता येतं

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. टॅनर १९३७ साली पॅरिसमध्ये वारला, त्यामुळे त्याची चित्रं मोकळी आहेत. १९०१ मध्ये वारलेल्या एडवर्ड मिचेल बॅनिस्टरचीही. बॅनिस्टरचं ‘अप्रोचिंग स्टॉर्म’ (१८८६) विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही: वावटळीत वाकलेली झाडं आणि त्यांच्याखालून घाईनं निघालेला एक माणूस. ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमकडे आहे. स्मिथसोनियननं २०२० पासून लाखो चित्रं ‘ओपन अॅक्सेस’मध्ये खुली केली आहेत. डाउनलोड करण्याआधी पानावर ‘सीसी झिरो’ची, म्हणजे वापरायला पूर्ण मोकळं असल्याची, खूण आहे ना, तेवढं पाहा.

जेकब लॉरेन्स २००० साली गेला आणि एलिझाबेथ कॅटलेट २०१२ साली. लॉरेन्सनं अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांवर १९४०–४१ मध्ये ६० चित्रांची मालिका केली. कॅटलेटची लिनोकटमधली (लिनोलियमच्या ठोकळ्यावर कोरून छापलेली) ‘शेअरक्रॉपर’, म्हणजे बटाईनं शेती करणारी बाई, आपल्या भिंतीवर शोभली असती. पण दोघांचीही चित्रं नेटवरून उतरवून छापता येत नाहीत. ती संग्रहालयाच्या दुकानातून किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडूनच घ्या. आणि एक फरक लक्षात ठेवा: चित्रकारानं स्वतः ठोकळा कोरून किंवा स्क्रीन करून काढलेला, खाली पेन्सिलनं सही आणि १२/६० (साठ प्रतींतली बारावी) असा आकडा घातलेला छापा ही मूळ कलाकृती असते. आपण काढणार ती प्रतिकृती. प्रतिकृतीवर कुणी आकडे घालून ‘लिमिटेड’ म्हणून विकत असेल तर जास्तीचे पैसे देऊ नका.

अभ्यासिकेसाठी आमची पहिली पसंती मात्र चित्राला नाही, तक्त्याला आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घेऊन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे आकडे दाखवणारे, हातानं रंगवलेले तक्ते केले. ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि त्यांची साइट ते टिफ फाइलमध्ये देते. डू बॉइस १९६३ मध्ये वारले, त्यामुळे २०२४ पासून आपल्याकडेही अडचण नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिलं तेच हे डू बॉइस. मुलांना एवढं सांगितलं की ती तक्त्याजवळ जातात. जॉर्जिया राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या १८९० च्या शहरी-ग्रामीण लोकसंख्येचा तक्ता घ्या. मोठ्या शहरातले ७८,१३९ लोक एका सरळ रेषेत बसतात, आणि खेड्यात राहणारे ७,३४,९५२ कागदावर मावत नाहीत म्हणून त्यांची लाल रेषा गोल गोल गुंडाळत नेली आहे. मूळ तक्ता साधारण ५६ × ७१ सेंमीचा आहे. ए-२ पेक्षा लहान छापलात तर अक्षरं वाचता येणार नाहीत. जुन्या पुठ्ठ्याचा पिवळेपणा आणि डाग दुकानदार ‘साफ’ करून पांढरे करू पाहील, करू देऊ नका.

फाइल

‘द बँजो लेसन’ मुळात १२४.५ × ९०.२ सेंमीचं तैलचित्र आहे, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात. ए-२ कागदावर (४२ × ५९.४ सेंमी) चित्र ३६ × ४९.७ सेंमी घ्या. प्रमाणही बिघडत नाही आणि चारी बाजूंनी धरायला कोरा कागद उरतो. ‘फुल पेज’ करून द्या म्हटलं की दुकानदार डावी-उजवी कड कापतो किंवा चित्र ताणतो.

या मापाला इंचाला ३०० पिक्सेल हवे असतील तर फाइल सुमारे ४,२५० × ५,८७० पिक्सेलची लागते. २०० नंही चालतं, म्हणजे साधारण २,८३५ × ३,९१५. त्याखाली जाऊ नका. लहान फाइल सॉफ्टवेअरनं मोठी केली तर पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. एकाच चित्राच्या निरनिराळ्या रंगांच्या फाइली नेटवर फिरतात. टॅनरच्या या चित्रात डावीकडून खिडकीचा थंड, निळसर उजेड आहे आणि उजवीकडून चुलाण्याचा ऊबदार. दोन्ही उजेड जिथे वेगळे दिसतात ती फाइल खरी. सगळं चित्र सारखं पिवळं दिसत असेल तर ती सोडा.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली की फाइल आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह न्या.

छपाई

तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक लेझर प्रिंट मिळते. ती नोटिसांसाठी ठीक. या कामाला पिगमेंट शाईचा इंकजेट आणि आम्लमुक्त कॉटन कागद लागतो, ३०० जीएसएमच्या आसपासचा, मॅट. त्यासाठी नागपूर गाठावं लागेल. दुकानात तीन गोष्टी विचारा. शाई पिगमेंट की डाय? डाय उन्हात लवकर उडते. मॅट कागदाला मॅट ब्लॅक शाई लावली आहे का? फोटो ब्लॅक लावली तर काळा रंग राखेसारखा पडतो, आणि आपल्या चित्रात तर तोच महत्त्वाचा. त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (कागदावर रंग कसे उतरतील ते प्रिंटरला सांगणारी फाइल) निवडलं आहे का? ते चुकलं की चेहऱ्यांवर तांबूस किंवा हिरवट झाक येते. प्रिंटरच्या सेटिंगसाठी दुकानदाराला एवढंच सांगा: रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू.

पूर्ण छापा काढण्याआधी पट्टी मागा: ए-५ कागदावर, अंतिम मापातच, फक्त म्हाताऱ्याचं डोकं आणि पोराचा चेहरा. पट्टी ट्यूबखाली पाहू नका, दुकानाच्या दाराशी सावलीत न्या. म्हाताऱ्याचा गाल आणि मागची भिंत वेगळी दिसली पाहिजे, कपाळावरची चमक हलकी पण पांढरी नको. गाल आणि भिंत एकात एक मिसळले असतील तर फक्त गडद छटा किंचित उघडायला सांगा. अख्ख्या चित्राचा ब्राइटनेस वाढवला तर काळा करडा होतो.

छापा २४ तास उघडा वाळू द्या. काचेत लगेच कोंडला तर शाईतली वाफ काचेवर आतून धुकं धरते.

एसटीतून आणताना

पुठ्ठ्याची नळी एसटीत दबते. ठिबकच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा ५० सेंमीचा तुकडा आणि दोन झाकणं घ्या. छाप्यावर बटर पेपर ठेवून सैल गुंडाळा, दोन बोटं फिरतील इतका. मे महिन्यात पाइप टपावर ठेवू नका. घरी आल्यावर कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवून वर पुस्तकांचं ओझं, दोन दिवस. चित्राच्या भागाला बोट लावू नका, घामाचा डाग मॅट कागदावरून जात नाही.

फ्रेम

इथेच सगळ्यात जास्त छापे मरतात. फ्रेमवाला छापा हार्डबोर्डवर डिंकानं पूर्ण चिकटवतो. मे महिन्यात ४५ अंशाला कागद आकसतो, जुलैत ओल्या हवेत पसरतो. चारही बाजूंनी जखडलेला कागद मग लाटांसारखा फुगतो. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. बाइंडरची मोरचूद घातलेली खळ तर अजिबातच नको, तिचे डाग पुढे कागदावर उमटतात.

छापा चिकटवायचाच नाही. चार कोपऱ्यांसाठी आम्लमुक्त कागदाच्या पट्ट्या तिकोनी दुमडा, त्या मागच्या माउंट बोर्डला चिकटवा आणि छाप्याचे कोपरे त्यात सरकवा. प्रत्येक कोपऱ्यात दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवा, कागदाला हलता आलं पाहिजे. वरून खिडकी कापलेला माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट: खिडकी ३७ × ५१ सेंमी, कडा वर आणि बाजूला ७ सेंमी, खाली ८. बाहेरचं माप ५१ × ६६ होतं. माउंटच्या जाडीमुळे काच छाप्याला टेकत नाही. टेकली तर पावसाळ्यात छापा काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई निघून येते.

फ्रेमची पट्टी सागवानाची करून घ्या, गावच्या सुताराकडून. वाळवी सागाला सहजी लागत नाही, पण मागच्या प्लायला लागते. म्हणून पाठीला प्लाय न वापरता सनबोर्ड लावा, आणि पाठीची फट कागदी टेपनं बंद करा म्हणजे कसर आत शिरत नाही. काच २ मिमीची. या मापाला ती सुमारे १.७ किलो भरते, ३ मिमीची अडीच किलो. जिथे मुलं चेंडू खेळतात तिथे अॅक्रिलिक.

भिंत

पश्चिमेची भिंत टाळा, ती उन्हाळ्यात तापते आणि दुपारनंतरचं ऊन खिडकीतून आत येतं. पावसाची झड ज्या बाजूनं येते ती भिंतही टाळा. आणि कूलरच्या झोतासमोर नको. वाळ्याच्या ओल्या हवेनं दोन उन्हाळ्यांत बुरशी धरते. विहारात मेणबत्ती-अगरबत्तीपासून किमान सहा फूट लांब, हार घालायचा मोह तर टाळाच.

विटांच्या भिंतीला ६ मिमी ड्रिल, गिट्टी आणि दोन स्क्रू. एका खिळ्यावर फ्रेम तिरकी होत राहते. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, तिथे वरच्या आढ्याच्या लाकडाला आकडे लावून तारेनं सोडा. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना एक सेंमीचे रबराचे तुकडे चिकटवा, भिंतीची ओल आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहील. उंचीचं गणित लोक कुठे बसतात त्यावर. उभं राहून पाहायचं तर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी. सतरंजीवर बसून वाचणाऱ्यांच्या खोलीत ११५ ते १२० सेंमीपर्यंत खाली आणा.

खाली पाटी मराठीत, पाच ओळींत: चित्रकार, जन्म-मृत्यू (टॅनर: १८५९–१९३७), चित्राचं नाव आणि साल, मूळ माध्यम आणि माप, मूळ चित्र कुठे आहे. शेवटी ‘हा छापा आहे’ असं स्पष्ट लिहा. पाटी काचेवर चिकटवू नका, भिंतीवर लावा.

वर्षातून दोनदा फ्रेम उतरवून पाठ पाहा, मृग लागण्याआधी आणि दसऱ्यानंतर. टेप सुटली असेल तर बदला. काच पुसताना पाणी कपड्यावर घ्या, काचेवर फवारू नका, ते कडेनं आत झिरपून माउंटला तपकिरी रेघ पाडतं.