राज्यसेवेचं वेळापत्रक आखताना मी फक्त पानं मोजली

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी पुण्यात आलो त्याच आठवड्यात अभ्यासिकेतल्या टेबलावर वेळापत्रक चिकटवलं. पॉलिटी म्हणजे राज्यव्यवस्था दहा दिवस, आधुनिक इतिहास आठ. पॉलिटीलाच सव्वीस दिवस गेले आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं. तसं काही नसतं, हे आधीच सांगतो, कारण त्या विचारात माझे आणखी कितीतरी दिवस गेले.

पाचशे पानं, रोज पन्नास, म्हणून दहा दिवस. भागाकार बरोबर होता. पण नोट्स काढणं, आयोगाचे जुने प्रश्न सोडवणं, चुकलेल्या प्रश्नासाठी तेच प्रकरण परत उघडणं, आठ दिवसांनी निम्मं विसरलेलं पुन्हा वाचणं, यातल्या कशालाच मी वेळ धरला नव्हता. एकदा वाचलं की विषय ‘झाला’, असं धरून चाललो होतो. त्यात गावची फेरी, मध्येच ताप. दर वेळी म्हणायचो, हा महिना जरा वेगळा गेला. पाचही महिने तसेच गेले तेव्हा कळलं, महिना असाच असतो.

कामाला लागणारा वेळ कमी धरायच्या या चुकीवर कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहिलंय. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळंच बिनसलं तर ४९. प्रत्यक्षात ५५ हून जास्त लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमी पडला!

म्हणून अंदाज बांधूच नका, मागचं बघा. डायरीत दोन रकाने करा: ठरवलेले तास, लागलेले तास. मागच्या प्रकरणाला तीन धरून सात लागले असतील तर पुढच्यालाही सातच धरा. ‘आता सवय झालीय, पटकन होईल’ असं मन म्हणेलच, ऐकू नका. रविवार मोकळा ठेवा, तो मागे राहिलेल्या कामातच जातो. आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, तेव्हा उत्तरं हाताने लिहून तपासून घेण्याचे तास वेगळे धरा.

टॉपरचं वेळापत्रक कृपा करून उतरवून घेऊ नका. ते बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नातलं असतं, पहिलं वाचन केव्हाच झालेलं. नव्वद दिवसांत सिलॅबस संपवून देतो म्हणणाऱ्या सरांना एवढंच विचारा: हे पहिल्या वाचनाचे दिवस की उजळणीचे? माझ्या सरांना मी विचारलं नाही. वर्ष गेलं.

आज एकच प्रकरण घ्या, घड्याळ लावा आणि त्यावरचे जुने प्रश्न सुटेपर्यंत थांबवू नका. आकडा बघून धस्स होईल. मलाही झालं होतं. तरी तोच वेळापत्रकात लिहा.