कानाच्या नसेवरची गाठ: उपचार ठरवताना या चुका टाळा

‘गाठ कॅन्सरची नाही’ हे ऐकून जीव भांड्यात पडतो आणि लगेच प्रश्न येतो, मग काढायची कधी? घाई इथेच नडते. व्हेस्टिब्युलर श्वानोमा, म्हणजेच अकूस्टिक न्यूरोमा, ही गाठ तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून उगवते. वाढली तरी बहुतेकदा वर्षाला १-२ मिलिमीटर. कित्येक गाठी तर वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. लहान गाठीवर एमआरआयने नियमित नजर ठेवणं हाही उपचारच आहे. पण बरं वाटतंय म्हणून तपासणी बुडवू नका. शिवाय गाठ वाढली नाही तरी ऐकू येणं कमी होऊ शकतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

रिपोर्टमधला गाठीच्या आकाराचा आकडाच धरून बसू नका. गाठ कानाच्या हाडातल्या बोगद्यातच आहे की मेंदूच्या देठाला (ब्रेनस्टेमला) दाबतेय, हे विचारा. ३ सेंटिमीटरहून मोठी, देठ दाबणारी गाठ असेल तर सहसा शस्त्रक्रियाच करावी लागते.

सगळ्यात जास्त गफलत ऐकण्याबाबत होते. ‘आवाज येतो’ आणि ‘शब्द कळतात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्या. आतल्या कानातून जाणाऱ्या शस्त्रक्रियेत त्या कानाचं ऐकणं जातंच. ते आधीच गेलं असेल तर हा मार्ग सोयीचा; शाबूत असेल तर दुसरे मार्ग आधी तपासायला हवेत.

‘मुळासकट काढा’ हा हट्टही महागात पडतो. चेहऱ्याची नस गाठीला चिकटलेली असते. तिच्यावर गाठीचा पातळ थर मुद्दाम ठेवणारा सर्जन अर्धवट काम करत नसतो, तुमचं हसू वाचवत असतो.

गॅमा नाइफसारख्या रेडिएशननंतर गाठ नाहीशी होईल असं समजू नका. तिची वाढ थांबवणं हाच हेतू. सुरुवातीच्या काही महिन्यांत ती थोडी फुगलेली दिसू शकते. तेवढ्यावरून उपचार फसला म्हणून ऑपरेशनला धावू नका.

सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञ, दोघांचंही मत घ्या. जो तो आपल्या हातातल्या कलेकडे थोडा झुकतोच. आणि दोन्ही कानांत गाठी असतील तर ओळखीतल्या कुणाचाही अनुभव लावू नका. ते बहुधा न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २चं, म्हणजे जनुकीय आजाराचं प्रकरण असतं. तिथे एका कानाचा निर्णय दुसऱ्या कानाकडे बघूनच घ्यावा लागतो.