लाल दिवा लागला तर: आधी पेडल, मग हँडब्रेक, मग टाकी

माझी वॅगनआर 2006 ची. राहते चिपळूणला, माहेर कराडचं, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट असतोच. घाट चढताना गाडीचं इंजिन कळतं आणि उतरताना ब्रेक कळतात. मीटरमधल्या ब्रेकच्या लाल दिव्याने, म्हणजे गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस असलेल्या दिव्याने, मला दोनदा छळलं. एकदा तो खोटं बोलत होता, एकदा खरं. दोन्ही वेळा दिसायला अगदी सारखाच.

मी मेकॅनिक नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पण हा दिवा कशामुळे लागला हे शोधायला मेकॅनिक असावं लागत नाही. टॉर्च, एक स्क्रू ड्रायव्हर, जॅक, चाकाचा पाना आणि जुनं वर्तमानपत्र एवढ्यावर ऐंशी टक्के काम होतं.

जुन्या साध्या गाड्यांत हा दिवा पेटवणारे स्विच बहुधा दोन असतात. एक हँडब्रेकच्या दांड्याखाली, दुसरा ब्रेक ऑइलच्या टाकीत. दोघंही एकच काम करतात, दिव्याची वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला, टेकवतात. मीटरला कुठल्या स्विचने हाक मारली ते कळत नाही, म्हणून आपल्यालाही दिव्याकडे बघून कळत नाही. काही गाड्यांत पॅड, म्हणजे पुढच्या चाकाची चकती दाबून धरणारे ठोकळे, झिजल्याची वायरही याच दिव्याला जोडलेली असते. ती आहे की नाही, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात बघा.

पण सगळ्यात आधी पेडल. दिवा लागला की नजर तिथेच खिळते. ती तिथून काढा आणि पाय काय सांगतो ते ऐका. मागे गाडी नाही असं बघून हळू ब्रेक दाबा. पेडल नेहमीच्याच उंचीवर, नेहमीसारखं घट्ट लागलं तर सावकाश बाजूला घ्या. पेडल खोल गेलं, स्पंजासारखं लागलं किंवा दोन-तीनदा मारल्यावरच वर आलं, तर प्रवास तिथेच संपला. गिअर एकेक खाली आणा, पेडल पंप करत राहा आणि हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं लॉक व्हायला लागली तर लगेच सोडता येतो. गाडी थांबेपर्यंत चावी बंद करू नका. पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांपुरती मदत उरते आणि मग पेडल दगड होतं. पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये, आजकालच्या आणि तीस वर्षांपूर्वीच्याही, दोन वेगळे मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दोन चाकांना ब्रेक राहतो. गाडी थांबते, पण कितीतरी पुढे जाऊन. त्या भरवशावर घाट उतरू नका. गाडी टो करून न्या.

पेडल ठीक असेल, गाडी अंगणात असेल, तर आता शोधाशोध.

हँडब्रेक पूर्ण खाली आहे का, हे विचारलं की लोकांना अपमान वाटतो. तरी विचारते. एक दात जरी वर राहिला तरी दिवा लागतो. दांडा पूर्ण वर ओढा, बटण दाबून पूर्ण खाली सोडा. दिवा विझला तर प्रश्न मिटला. मात्र मागचे ड्रम हाताला फार गरम लागत असतील, तर हँडब्रेक अर्धवट लावून गाडी चालवलीत, शूज, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, तपासून घ्या. कोकणात पावसाळ्यात केबल गंजून अडकते. दांडा खाली येतो, पण चाकं सुटत नाहीत. हा त्रास दिवा सांगत नाही, हे लक्षात असू द्या. म्हणून जून ते सप्टेंबर सपाट जागेवर मी गाडी गिअरमध्ये आणि चाकाला दगड लावून ठेवते, हँडब्रेक ओढत नाही.

माझा पहिला प्रसंग याच स्विचचा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. आमची गल्ली जरा उंचावर म्हणून गाडी वाचली, पण पाणी दाराच्या उंबऱ्यावरून आत आलंच आणि खालचं कार्पेट भिजलं. धुतलं, वाळवलं, विसरले. दिवाळीच्या सुमारास हा दिवा लागला तो विझेना. ऑइल भरलेलं, पेडल उत्तम. एका गॅरेजमध्ये सांगण्यात आलं, “मॅडम, वायर कापून टाकतो, परत लागायचाच नाही.” खरं होतं ते. पुढे ऑइल संपलं असतं तरी लागला नसता.

घरी येऊन दोन सीटमधलं प्लास्टिकचं कव्हर काढलं. दांड्याच्या बुडाशी एक छोटा स्विच असतो. दांडा खाली आला की त्याची दांडी दाबली जाते आणि सर्किट तुटतं. पुराचा गाळ वाळून त्यात बसला होता आणि दांडी अर्ध्यातच अडकत होती. तपासायची पद्धत सोपी आहे. चावी ऑन करा, इंजिन सुरू नको. स्विचची वायर काढून ती कुठल्याही लोखंडाला टेकणार नाही अशी धरा. दिवा विझला तर दोष स्विचचा. नाही विझला तर स्विच निर्दोष. मी ब्रशने गाळ काढला, थोडा डब्ल्यूडी-40 (अडकलेलं सैल करायचा स्प्रे) मारला, दहा-बारा वेळा दांडा वर-खाली केला. अजून चालतोय.

वायर काढूनही दिवा तसाच राहिला तर बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोर, बूस्टरच्या काळ्या डब्याच्या पुढे ब्रेक ऑइलची पांढरट टाकी असते. तिच्यावर मॅक्स आणि मिन अशा दोन रेघा असतात. गाडी सपाट जागेवर हवी. टाकी पिवळी पडली असेल तर मागून टॉर्च मारा, पातळी दिसते. झाकणाला किंवा टाकीच्या अंगाला दोन वायरींचा कनेक्टर असतो, तो फ्लोटचा, म्हणजे ऑइलवर तरंगून पातळी सांगणाऱ्या तुकड्याचा. पातळी मॅक्सजवळ आहे आणि कनेक्टर काढल्यावर दिवा विझतो, म्हणजे फ्लोट बुडालाय. तो पोकळ प्लास्टिकचा असतो, वर्षांनुवर्षं ऑइल पिऊन जड होतो. टाकीला बोटाने टिचकी मारली की दिवा क्षणभर विझत असेल, तर हेच समजा. नवा फ्लोट किंवा टाकी बसवा. कनेक्टर मात्र परत लावा. काढूनच ठेवला तर आपणही वायर कापणाऱ्याच्याच रांगेत.

आता पातळी खरंच खाली असेल तर. इथे बहुतेक जण बाटली आणतात, ओततात, दिवा विझतो, चहा पितात. मीही तेच केलं होतं. 2023 च्या जानेवारीत कराडहून येताना कुंभार्लीच्या नागमोडी वळणांवर दिवा लुकलुकायला लागला. वळण संपलं की विझे, ब्रेक दाबला की परत लागे. उतारावर टाकीतलं ऑइल पुढे सरकतं, वळणात बाजूला जातं, त्यामुळे पातळी काठावर आली की फ्लोट असा डुचमळतो. सपाटीला सगळं शांत. पुढचा लाल दिवा कायमचा लागायच्या आधी मिळालेली ही सूचना असते. मी शंभर मिलिलिटर ऑइल ओतलं आणि विसरले. नवव्या दिवशी शाळेच्या चढावर दिवा परत.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, वाफ होऊन उडत नाही. बंद नळीतलं ते. कमी झालं म्हणजे दोनच शक्यता: पॅड झिजले किंवा ऑइल बाहेर गेलं. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा ऑइलने भरते, म्हणून टाकी खाली जाते. हे महिनोन्‌महिने सावकाश होतं. अशा वेळी नुसतं ऑइल भरलं तर नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की टाकी वरून ओसंडते आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. आठवड्यात मॅक्सवरून मिनवर आलं तर पॅडकडे बघायचीही गरज नाही, गळतीच. मी तेव्हापासून टाकीवर मार्करने रेघ आणि तारीख लिहिते.

पॅड बघायला पुढचं चाक काढा. आधी नट सैल करा, मग जॅक लावा, मागच्या चाकाला दगड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी त्याच्यावर बसेल. कॅलिपरच्या खिडकीतून पॅड दिसतो. लोखंडी पाठ सोडून उरलेलं लायनिंग दोन रुपयांची, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढं, साधारण तीन मिलिमीटर राहिलं असेल तर बदलायची वेळ झाली. आतला पॅडही बघा, तो बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला असू शकतो.

गळती शोधायला रात्री गाडीखाली चारही चाकांपाशी आणि इंजिनखाली वर्तमानपत्र पसरा. इंजिन ऑइलचा डाग काळपट असतो. ब्रेक ऑइल पातळ, फिकट, बोटांना निसरडं लागतं. एसीचं पाणी वाळून जातं. पण मला कागदावर काहीच सापडलं नाही, कारण मागच्या ड्रममधली गळती बरेचदा ड्रममध्येच जिरते. सापडली ती चाकाच्या आतल्या बाजूला. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, काळा, धूळ चिकटलेला पट्टा, डाव्या मागच्या चाकाला. ड्रममध्ये शूज ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर गेलं होतं. ड्रम काढायचा पुलर माझ्याकडे नाही, तिथे मी मिस्त्रींकडे गेले. त्यांनी ड्रम उघडला, सिलिंडरच्या टोपीचं रबर बाजूला केलं, आत ऑइल साचलेलं. लायनिंगही भिजलेलं. “बाई, दोन्ही बाजूंचे बदला. उजवाही याच वयाचा आहे,” असं ते म्हणाले आणि मला पटलं. ऑइलमध्ये भिजलेले शूज धुऊन परत वापरू नयेत, ते नवीनच घ्यावेत.

चारही चाकं कोरडी असतील तर मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला टेकतो तिथे खालून बोट फिरवा. ओलं लागलं तर मागचं सील गेलंय आणि ऑइल बूस्टरच्या पोटात जातंय, म्हणून जमिनीवर थेंब नाही. आणखी एक परीक्षा: इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. यात टाकीची पातळी कमी होत नाही आणि दिवाही लागत नाही.

ऑइल घालताना झाकणावर डॉट 3 लिहिलंय की डॉट 4 (हे ब्रेक ऑइलचे प्रकार) ते वाचा, झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ पुसा. चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल ओतलं तर सगळी रबरं फुगतात, मग एक नाही, सगळी सिस्टीम उघडावी लागते. अर्धी राहिलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्या हवेत पाणीच जास्त. कोरडं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच हमी 140 वर येते. घाटात सतत दाबलेल्या ब्रेकला तेवढं तापायला वेळ लागत नाही. मी दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलते. एअर काढायचे निपल गंजलेले असतात, आदल्या दिवशीच त्यांवर गंज सैल करायचं तेल सोडून ठेवते, नाहीतर मुंडी तुटते आणि दोनशेचं काम दोन हजारांवर जातं.

दोन अपवाद पटकन. ब्रेकच्या दिव्याबरोबर बॅटरीचाही दिवा लागला तर आधी अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, बेल्ट बघा, काही जुन्या गाड्यांचं वायरिंग असं आहे की अल्टरनेटर बिघडला की दोन्ही दिवे लागतात. आणि गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल, पिवळा एबीएस आणि लाल ब्रेक दोन्ही एकदम लागले, तर मागची चाकं जोरात ब्रेक मारल्यावर लॉक होऊ शकतात. हळू चालवत गॅरेज गाठा, ते काम घरचं नाही.

गेल्या महिन्यात भाच्याला एक जुनी मारुती 800 घ्यायची होती, मला बघायला नेलं. गाडी चकचकीत, मालक बोलका. मी चावी ऑन केली, हँडब्रेक ओढला. लाल दिवा लागलाच नाही. सोडला, परत ओढला, तरी नाही. मीटर उघडलं असेल कधीतरी, बल्बच काढलेला होता. मी बॉनेट उघडलं. टाकीत ऑइल मिनच्या बोटभर खाली.