डॅशकॅम आहे, पण नंबर दिसत नाही: या चुका टाळा

डॅशकॅमच्या जाहिरातीत रस्ता रिकामा असतो, ऊन स्वच्छ असतं आणि पुढच्या गाडीचा नंबर पेपरातल्या मथळ्यासारखा ठळक वाचता येतो. मुंबईत कॅमेऱ्याची गरज पडते ती रात्री, भर पावसात, सायनच्या सिग्नलवर, बंपर घासून पसार झालेल्या बाईकसाठी. त्या घडीला त्याच्याकडून तीनच गोष्टी हव्या असतात: नंबर वाचता यावा, तारीख-वेळ बरोबर असावी आणि ती फाइल कार्डावर शिल्लक असावी. बाकीची फीचर्स असली तर असोत.

खोक्यावरच्या '४के'ला भुलणं

खरं ४के चित्र घ्यायला साधारण आठ मेगापिक्सेलचा सेन्सर लागतो. स्वस्तातल्या काही कॅमेऱ्यांत आत दोन मेगापिक्सेलचाच असतो आणि चित्र ताणून मोठं केलेलं असतं. म्हणून सेन्सरचं नाव विचारा. सोनीच्या 'स्टारविस' मालिकेतले सेन्सर कमी उजेडासाठीच बनवलेले आहेत. विक्रेता नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर पुढच्या दुकानात जा. चांगला सेन्सर असलेला साधा १४४० पीचा कॅमेरा रात्री नकली ४केपेक्षा कितीतरी जास्त कामाचा.

खरेदीआधी रात्रीचं चित्रीकरण मागा, तेही चालत्या गाडीच्या नंबरप्लेटचं. इथे एक गोम आहे. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, प्रकाश परत फेकते. १ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्यांवर ती येतेच, आणि आता महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती बसवावी लागते आहे. तुमच्या हेडलाइटचा झोत तिच्यावर पडला की व्हिडिओत नुसता पांढरा चौकोन उरतो. असं होत असेल तर मेनूत एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, एक-दोन पायऱ्या खाली आणा. चित्र काळपट दिसेल, पण नंबर वाचता येईल. वाइड अँगलचंही तेच: १७० अंशांत सगळा रस्ता मावतो आणि प्रत्येक प्लेट बारीक होते. १४०च्या आसपास पुरे. मेनूत फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झवर असेल तर ५० करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. एलईडी सिग्नलचं लुकलुकणं त्याने बरंच कमी होतं.

लेन सोडल्याचा, पुढची गाडी जवळ आल्याचा इशारा देणारी फीचर्स एलबीएस मार्गावर एक दिवस चालवून पाहा. संध्याकाळपर्यंत तुम्हीच ती बंद कराल.

खड्डे आणि 'कार्ड फुल'

सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार ही. कॅमेरा लूपमध्ये चित्रण करतो, म्हणजे कार्ड भरलं की सर्वात जुनी फाइल पुसून तिथे नवी लिहितो. पण धक्के ओळखणाऱ्या जी-सेन्सरला धक्का जाणवला की तो ती फाइल लॉक करतो, आणि लॉक झालेली फाइल लूपमध्ये पुसली जात नाही. परदेशातल्या गुळगुळीत रस्त्यांवर ही सोय उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे खड्डा, उखडलेले पेव्हर ब्लॉक, फ्लायओव्हरचे सांधे आणि सोसायटीच्या गेटमधला स्पीडब्रेकर यांतला प्रत्येक धक्का कॅमेऱ्याला अपघात वाटतो. आठ-दहा दिवसांत कार्ड लॉक फाइलींनी गच्च भरतं. मग काही कॅमेरे चित्रण थांबवतात, काही जुन्या लॉक फाइलींवरच लिहू लागतात, म्हणजे खरोखर जपायची फाइलही जाते.

उपाय सोपा आहे: सेन्सर 'लो'वर ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच. स्टँड सैल झाला असेल तर तो घट्ट करा, कारण हलणारा कॅमेरा साधा धक्काही मोठा करून मोजतो. 'लो'वर ठेवल्यावर रिक्षा हळूच घासून गेली तर फाइल आपोआप लॉक होणार नाही. त्यासाठी कॅमेऱ्यावर लॉकचं बटण असतं. ते न बघता दाबता यायला हवं. बटणाऐवजी सगळं टचस्क्रीनवर असलेला कॅमेरा मी कोणालाच सुचवत नाही.

बटण दाबायचं राहिलं तर किती वेळ हातात असतो? फुल एचडी चित्रण तासाला साधारण सात जीबी खातं, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर नऊएक तास. ४के असेल तर तासाला अठराच्या आसपास, आणि मागचा कॅमेरा जोडला की आणखी. ठाणे ते नरिमन पॉइंट जाऊन-येऊन तीन तास धरले, तर ४के आणि मागचा कॅमेरा असताना सकाळी जे घडलं ते दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोहोचेपर्यंत पुसलेलं असतं. दोन कॅमेरे आणि ४के हवं असेल तर १२८ किंवा २५६ जीबी घ्या. मात्र कॅमेरा किती क्षमतेपर्यंतचं कार्ड चालवतो ते आधी बघा.

कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचंच हवं. मोबाइलमधलं जुनं कार्ड सतत लिहिण्या-पुसण्याने लवकर मरतं, आणि मरताना आवाज करत नाही: लाल दिवा लुकलुकत राहतो, फाइली मात्र बनत नाहीत. फारच स्वस्तात मिळालेलं १२८ जीबीचं कार्ड नकली असू शकतं. ते संगणकावर काठोकाठ भरून तपासा. महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि अधूनमधून एखादी फाइल उघडून बघा.

बॅटरी: कॅमेऱ्याची आणि गाडीची

उघड्यावर मे महिन्यात उभ्या गाडीच्या काचेमागे लिथियम बॅटरीचा कॅमेरा ठेवला तर ती बॅटरी फुगू शकते. मुंबईसाठी बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर असलेलाच घ्या. तो उष्णता सोसतो. इंजिन बंद झाल्यावर शेवटची फाइल पूर्ण करण्यापुरतेच काही क्षण तो धरून ठेवतो, आणि तेवढं पुरतं.

गाडी उभी असतानाही चित्रण करणाऱ्या पार्किंग मोडची हौस जपून करा. त्याला फ्यूज बॉक्समधून कायम वीज द्यावी लागते. अनेक मुंबईकर आठवडाभर लोकलने जातात आणि गाडी रविवारी काढतात. कॅमेरा ०.३ अँपिअर ओढत असेल तर दिवसाला सात अँपिअर-तास जातात; लहान हॅचबॅकची बॅटरी साधारण ३५ची. तीन दिवसांत अर्ध्याहून अधिक संपली, रविवारी सकाळी धक्का मारायला वॉचमनला हाक मारा. म्हणून व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली उतरली की कॅमेरा बंद करणारी सोय, असलेलंच किट घ्या आणि तो १२.० नव्हे, १२.२ व्होल्ट किंवा त्याहून वर ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास असते. बॅटरी जुनी असेल तर पार्किंग मोड बंदच बरा.

वायर कापून जोड मारू देऊ नका, फ्यूजच्या जागी बसणारा जोड, म्हणजे फ्यूज टॅप, वापरायला सांगा. एअरबॅगच्या फ्यूजला हातही लावायचा नाही. ए-पिलरमध्ये, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात, पडदा एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून नव्हे. हे ज्याला सांगावं लागतं त्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी देऊच नये.

जागा, काच आणि डॅशबोर्डवरचा गणपती

कॅमेरा आरशाच्या मागे, वायपर फिरतो त्या भागात लावा. त्या भागाबाहेर लावला तर पावसात थेंबांचंच चित्रण होईल. काचेच्या कडेला असलेल्या काळ्या ठिपक्यांवर टेप नीट चिकटत नाही. दुपारी चित्रात गणपती बाप्पा आणि पांढरा नॅपकिन तरंगताना दिसले, तर ते डॅशबोर्डचं प्रतिबिंब आहे. भिंगावर बसवायचा सीपीएल फिल्टर ते घालवतो, पण रात्रीचा उजेडही खातो. बाप्पाला थोडं बाजूला सरकवा, नॅपकिन काढा, आणि काच आतून पुसा. तिच्यावर बसलेला तेलकट थर आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

तारीख मागच्या कुठल्यातरी सालाच्या १ जानेवारीवर गेली असेल तर आतल्या घड्याळाचा चार्ज संपला आहे. जीपीएस असलेला कॅमेरा वेळ आपोआप लावतो, फक्त टाइम झोन +५:३० आहे ना ते बघा. कोस्टल रोडच्या बोगद्यात जीपीएस मिळत नाही, तिथे वेगाचा आकडा गायब झाला तर तो बिघाड नव्हे.

अपघातानंतर

कार्ड काढून घ्या. मूळ फाइल तशीच ठेवून तिची प्रत करा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबली जाते आणि नंबर तिथेच जातो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार प्रत कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा अंकाक्षरी ठसा, लिहावा लागतो, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात, सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये सांगितलं होतं की मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभं राहून दाखवलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. तेव्हा नवं कार्ड टाका आणि जुनं पाकिटात घालून जपा.

आणि मायक्रोफोन. गाडीतली भांडणं, फोनवर कोणाला तरी वाचून दाखवलेला ओटीपी, सगळं त्या फाइलीत असतं. नंतर आवाज काढून टाकणं म्हणजे पुराव्याला हात लावणं. नको असेल तर तो आजच मेनूतून बंद करा, आणि चालू ठेवणार असाल तर गाडीत बसणाऱ्याला तसं सांगा.