बेर्न्ड रोझमायर यांच्यावर स्मरणलेख लिहिताना

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळातल्या धाडसी मोटार शर्यतपटूवर लिहायला बसले की लेखणी आपोआप त्याच्या मृत्यूकडे धाव घेते. जर्मनीचे बेर्न्ड रोझमायर अठ्ठाविसाव्या वर्षी वेगाच्या विक्रमाच्या प्रयत्नात गेले, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हा मोह अधिकच अनावर होतो. म्हणून लेखाला हात घालण्यापूर्वी दोन आयुष्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. रोझमायर यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1909 चा आणि मृत्यू 28 जानेवारी 1938 चा. त्यांच्या पत्नी एली बाइनहॉर्न यांचा जन्म 30 मे 1907 चा आणि मृत्यू 28 नोव्हेंबर 2007 चा. संसार सुरू झाला 13 जुलै 1936 रोजी आणि टिकला जेमतेम अठरा महिने. एली मात्र त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे जगल्या. हे प्रमाण एकदा डोळ्यांसमोर आले, की त्यांना शेवटच्या परिच्छेदात ‘मागे पत्नी व मुलगा असा परिवार आहे’ एवढ्यावर उरकणे मनाला पटत नाही.

एलींची ओळख वैमानिक म्हणूनच करून द्यावी. रोझमायर यांना त्या 1935 मध्ये चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे भेटल्या, तिथली शर्यत रोझमायर यांनी जिंकली तेव्हा. पण तोवर त्या एकट्याने आफ्रिकेपर्यंत उडून आल्या होत्या, टिंबक्टूच्या परिसरात विमान उतरवण्याची पाळी आल्यावर पायी वाट काढून परतल्या होत्या आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंतही पोहोचल्या होत्या.

‘निर्भय’, ‘वाऱ्याशी स्पर्धा करणारा’ अशी विशेषणे शक्यतो टाळावीत आणि त्याऐवजी एकच शर्यत जवळून दाखवावी. मी 1936 ची, जर्मनीतील नुर्बुर्गरिंग या शर्यतमार्गावरील आयफेल शर्यत निवडेन. धुके इतके दाटले होते की इतर चालकांनी वेग कमी केला, आणि रोझमायर मात्र त्याच धुक्यातून पुढे निघून गेले. ‘धुक्याचा उस्ताद’ ही ओळख त्यांना त्या दिवसाने दिली. ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या त्यांच्या मोटारीचे सोळा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते, त्यामुळे वळणावर तिचा मागचा भाग सहज घसरत असे. रोझमायर मोटारसायकलींच्या शर्यतींतून थेट या मोटारीत आले होते, तेव्हा पुढे इंजिन असलेल्या शर्यतीच्या मोटारीची सवय मोडण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. हे कारण वाचकाला सांगितले म्हणजे धाडसामागचे कौशल्यही दिसू लागते. त्याच वर्षी ते मोटार शर्यतींचे युरोपीय विजेते ठरले.

मृत्यूचे वर्णन थोडक्यात आणि नेमके करावे. फ्रँकफर्ट ते डार्मश्टाट या महामार्गावर त्या सकाळी प्रतिस्पर्धी चालक रूडॉल्फ काराचिओला यांनी मर्सिडीजमधून ताशी 432.7 किलोमीटरचा विक्रम केला होता, आणि तो मोडण्याच्या प्रयत्नात रोझमायर यांची मोटार भरकटली. आडव्या वाऱ्याचा झोत हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. वेगासाठी मोटारीच्या बाजू जवळजवळ जमिनीपर्यंत झाकलेल्या होत्या, हेही येथे लिहावे. घरी मुलगा अवघ्या अडीच महिन्यांचा होता, आणि हे साध्या वाक्यात सांगितलेलेच पुरेसे भिडते.

एक गोष्ट लपवू नये. रोझमायर एसएस या नाझी संघटनेचे सदस्य होते आणि त्यांच्या मृत्यूचा राजवटीने प्रचारासाठी वापर केला. त्यांच्यावर प्रेम असलेल्यानेही हे वाक्य लेखात घालावे, आणि तळटिपेत नव्हे तर मुख्य मजकुरात.

त्यानंतर लेखाचा उरलेला भाग एलींना द्यावा. त्यांनी पतीवर पुस्तक लिहिले आणि 1941 मध्ये दुसरा विवाह केला. या विवाहाला ‘परंतु’ लावू नये, कारण तिशीत विधवा झालेल्या स्त्रीने आयुष्य पुढे नेले यात स्पष्टीकरण देण्याजोगे काही नाही. युद्धानंतरही त्या उडत राहिल्या. 1979 मध्ये वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी विमानचालनाचा परवाना स्वतःहून परत केला, आणि त्यावेळी रोझमायर यांना जाऊन एकेचाळीस वर्षे झाली होती.